मिठाचं पाणी कोणी पिऊ नये

"गरम पाण्यात मीठ किती घालायचं, ते तुमच्या पेपरात आलंय. लिंबू किती पिळायचं, तेही आलंय," फोनवरचे गृहस्थ म्हणाले. "फक्त बीपीची गोळी किती दिवस आधी बंद करायची, ते दिलेलं नाही. मी कालपासून बंद केलीय. चालेल ना?"

शनिवारची सकाळ होती. पालघरच्या आमच्या कार्यालयात मी एकटीच होते. वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात सकाळी येणारे फोन साधारण ठरलेले असतात. लाइट गेली, पाणी आलं नाही, वाढदिवसाचा फोटो छापला नाही. हा फोन त्यातला नव्हता.

"गोळी बंद करू नका," मी म्हटलं. "आणि बीपी असेल तर शंखप्रक्षालन करायचंच नसतं."

"असं कुठं लिहिलंय?"

"लेखात होतं."

"लेख माझ्यासमोर आहे. मी दोनदा वाचलाय. नाही."

मी शुक्रवारचा अंक ओढला आणि पान उघडलं. त्यांचं बरोबर होतं. ते तिथे नव्हतं.

पाडव्यापर्यंत दर शुक्रवारी एक, अशी 'वसंतातलं आरोग्य' नावाची लेखमाला आम्ही चालवत होतो. लेखक केळव्याचे वैद्य राऊत. घरची वाडी आणि पालघरमध्ये जुना दवाखाना. पहिला लेख आहाराचा होता. थंडीत अंगात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो, भूक मंदावते, अंग जड वाटतं, सर्दी-खोकला होतो; म्हणून या दिवसांत हलकं खावं. मूग, जुनं धान्य, भाकरी, कारलं, पडवळ, सुंठीचं पाणी. दही, मिठाई आणि दुपारची झोप टाळावी. लेख साधा होता आणि वाचकांना आवडला.

दुसरा लेख शुद्धीचा होता. वसंतात आयुर्वेदाची मुख्य शुद्धी म्हणजे वमन, औषध देऊन करवलेली उलटी. ती वैद्यासमोरच करायची असते. मुंबईच्या डेस्कने वैद्यांना सांगितलं होतं, "लोकांना घरी करता येईल असं काहीतरी द्या." वैद्यांनी शंखप्रक्षालनाची माहिती दिली. ही योगातली क्रिया आहे. कोमट मिठाचं पाणी पोटभर प्यायचं, ठरावीक आसनं करायची, पुन्हा प्यायचं, असं पोट धुऊन निघेपर्यंत. लेखाच्या शेवटी त्यांनी वेगळा मथळा देऊन एक भाग लिहिला होता: 'कोणी करू नये'. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, मधुमेह, पोटातला अल्सर, हर्निया, गरोदरपण, नुकतं झालेलं ऑपरेशन. बाकीच्यांनीही जाणकारासमोरच करावी.

तो भाग छापलाच गेला नव्हता.

"तुमचं नाव कळेल का?" मी विचारलं.

"सुर्वे. बोईसरला राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात होतो, कंट्रोल रूमला. आता रिटायर." त्यांच्या आवाजात घाई नव्हती. "हे बघा मॅडम, मी एकटा असतो तर गोष्ट वेगळी. आमचं योग मंडळ आहे सोसायटीत. उद्या सकाळी सगळे मिळून करणार आहोत. लिंबं आणली, पातेली सांगितली, खिचडीचं सामान आलं. आणि तुम्ही आता फोनवर सांगताय, करू नका."

"मूळ लेखात तसं आहे, काका. छापताना राहून गेलं."

"मग लेखी द्या."

"व्हॉट्सॲपवर आत्ता पाठवते."

"व्हॉट्सॲपवर रोज काय वाट्टेल ते येतं. परवा कोणीतरी गाजर खाऊन चष्मा घालवा म्हणून पाठवलं होतं. आमच्या प्लांटमध्ये, मॅडम, फोनवर कोणी सांगितलं म्हणून व्हॉल्व्ह फिरवायची पद्धत नव्हती. प्रोसीजर लेखी असते. बदलली तर तीही लेखी येते, त्याच मार्गाने. पेपरात आलं ते पेपरात बदला. मी बदलेन."

"तोवर गोळी तरी घ्या."

"शरीर औषधापासून मोकळं हवं शुद्धीच्या आधी."

"हे लेखात आहे का?"

"नाही. हे मला वाटलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मजकूर कसा राहतो, हे सांगायला हवं. पान आधी डमीवर ठरतं. डमी म्हणजे पानाचा आराखडा. त्यात पहिल्यांदा जाहिराती बसतात, उरलेल्या जागेत मजकूर. पाडव्याआधीच्या आठवड्यांत जाहिराती शेवटच्या क्षणापर्यंत येत राहतात. गुरुवारी संध्याकाळी पान तयार झाल्यावर एका मोटारींच्या शोरूमची जाहिरात वाढली. लेख जागेत मावेना. पान लावणारा निलेश हा आमचा अनुभवी माणूस. त्याने वर्तमानपत्राचा नियम वापरला: तळातून काप. बातमीत महत्त्वाचं सगळं वर लिहितात आणि कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली तर डोळे मिटून खालून कापता येतं. हा नियम आम्ही नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकतो. वैद्यकातली लिहिण्याची रीत उलटी आहे. क्रिया काय, ती का, कशी, नंतर काय खावं, आणि सर्वांत शेवटी कोणाला वर्ज्य. निलेशने कापला तो भाग वेगळ्या मथळ्याखाली होता, त्यामुळे तो अलगद निघाला. कापल्याची खूणसुद्धा राहिली नाही. पान छपाईला सोडताना मी पाहिलं होतं. मथळा, फोटो, लेखकाचं नाव बरोबर होतं. नसलेला मजकूर डोळ्यांना दिसत नाही.

मी वैद्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी काल पेपर बघितला नाही," ते म्हणाले. "मी काय लिहिलंय ते मला माहीत असतं, म्हणून बघत नाही. आता बघावं लागेल."

"सुर्वे नावाचे गृहस्थ आहेत. बीपी आहे. गोळी बंद केलीय. उद्या सकाळी सोसायटीत सगळ्यांसोबत करणार आहेत."

"पायाला सूज वगैरे?"

"विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं. एवढं मीठ पोटात जाणार. गोळी बंद. वर उन्हाळा सुरू. ताई, हा माणूस उद्या सकाळी तिथेच आडवा होऊ शकतो. आणि तो काय म्हणतोय?"

"छापून द्या म्हणतोय."

"चुकीचं काही म्हणत नाही. छापा."

छापणं माझ्या हातात नव्हतं. मी मुंबईला संपादकांना फोन लावला.

"किती लोकांची तक्रार आहे?" त्यांनी विचारलं.

"एकाची. तक्रार नाही, शंका आहे."

"मग उद्या आतल्या पानावर खुलासा टाका. चार ओळी."

खुलासा म्हणजे चूक दुरुस्त करणारी छोटी चौकट. ती आतल्या पानावर, बारीक टायपात, शक्यतो रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी असते. छापली, एवढंच तिचं काम. ती कोणी वाचावी अशी अपेक्षा नसते.

"सर, हे पहिल्या पानावर लागेल."

"आपली चूक आपणच पहिल्या पानावर छापायची?"

"चूक म्हणून नको. बातमी म्हणून. शंखप्रक्षालन कोणी करू नये, वैद्यांचा सल्ला. उद्या रविवार आहे. लोकांना सुट्टी आहे. लेख वाचून आणखी किती जण घरी करणार आहेत, ते आपल्याला माहीत नाही. हा एक जण फोन करणारा निघाला."

"कोणाला काही झालेलं नाही ना अजून?"

"नाही."

"झालं नाही त्याची बातमी कशी होईल?"

"झाल्यावर जी बातमी होईल, सर, ती दुसरे छापतील."

ते म्हणाले, "पहिल्या पानावर तळाला पाडव्याची जाहिरात आहे. ती हलणार नाही."

"पुलाच्या उद्घाटनाची बातमी अर्धी करते."

"करा. आपल्या लेखातून राहिलं, हे वाक्य पहिलं घेऊ नका."

"दुसरं घेते."

"घ्या," ते म्हणाले. नंतर स्वतःहून विचारलं, "ते गृहस्थ गोळी घेणार आहेत ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

दुपारी बातमी लिहिली. वैद्यांना वाचून दाखवली. त्यांनी एक शब्द बदलला. मी 'टाळावे' लिहिलं होतं, त्यांनी 'करू नये' करायला लावलं. "टाळावे म्हटलं की लोकांना वाटतं, थोडं चालेल," ते म्हणाले. संध्याकाळी निलेश पान लावायला बसला.

"मॅडम, दोन ओळी जास्त होतायत. खालून..." तो म्हणाला आणि स्वतःच थांबला.

"पुलाच्या खालून काप," मी म्हटलं.

सुर्वेंना मी पुन्हा फोन केला. बातमी उद्या पहिल्या पानावर येतेय, पेपर बघितल्याशिवाय सुरू करू नका, एवढं सांगितलं. ते म्हणाले, "पेपर आमच्याकडे उशिरा येतो. आम्ही सूर्योदयाला सुरू करतो. आधी आला तर बघीन."

म्हणून पेपर घेऊन जायचं ठरलं. वैद्य म्हणाले, तेही येतील. "रक्तदाब बघायचं यंत्र घेतो. तुमच्या पेपराला ते जमणार नाही."

बोईसरला पेपरचे गठ्ठे मुंबईहून गाडीने येतात. स्टेशनजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर आमचे एजंट पाटील ते सोडवतात आणि घरोघर टाकणाऱ्या पोरांकडे वाटून देतात. पाटील मूळचे वाणगावचे. आम्ही पहाटे पोचलो तेव्हा ते पायरीवर रिकाम्या हाताने चहा पीत बसले होते.

"गाडी आली नाय अजून," ते म्हणाले. "चिल्हार फाट्याला टायर बसलाय. ड्रायव्हरचा फोन आलता."

"किती वेळ लागेल?"

"आता टायरला काय घड्याळ हाय, मॅडम? चा घ्या."

उजाडायला लागलं होतं. रात्रपाळी सुटलेले कामगार हिंदीत बोलत स्टेशनकडे निघाले होते. वैद्यांनी चहा घेतला नाही. कोमट पाणी मागितलं. पाटलांच्या चहावाल्याने ते दिलं आणि कुतूहलाने बघत राहिला.

"मी पुढे जातो," वैद्य म्हणाले. "लेखक मी आहे. माझं तरी ऐकतील."

"ऐकतील?"

"बघू. नाही ऐकलं तर वेळ काढीन. नाडी बघायला किती वेळ लावायचा, हे वैद्याच्या हातात असतं."

ते रिक्षाने गेले. गाडी आली तेव्हा उन्हं पडली होती. पाटलांनी वरचा गठ्ठा सुरीने सोडला, मला अंक काढून दिले आणि पहिल्या पानावर नजर टाकली.

"मिठाचं पानी?" ते म्हणाले. "आमची बायको मगाशीच म्हनत होती, आपुन पन करू. तुमच्याच पेपरात आलतं ना?"

"तुम्हाला बीपी आहे?"

"नाय. शुगर हाय."

"मग करू नका. त्यात तेही आहे. वाचा."

"माझंच पेपर, नि मीच वाचत नाय," असं म्हणत त्यांनी घरी फोन लावला.

सोसायटीचा हॉल तळमजल्यावर होता. दारात चपलांची रांग. आत सतरंज्यांवर मंडळी बसलेली. एका बाजूला टेबलावर मोठी पातेली, झाकलेली, आणि स्टीलचे पेले. खिचडीचा कुकर शेजारच्या खोलीत लागला होता. कोपऱ्यात वैद्य एका बाईंची नाडी धरून डोळे मिटून बसले होते. त्यांच्यामागे आणखी दोघी रांगेत होत्या. पातेल्यांजवळ पांढरा कुर्ता-पायजमा घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. ते सुर्वे, हे सांगावं लागलं नाही.

"पाणी दुसऱ्यांदा गरम करून झालं," ते मला म्हणाले. "वैद्यबुवांचं संपत नाही."

"त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"सांगितलं. मी त्यांना त्यांचाच लेख दाखवला. तुम्हीच लिहिलंय म्हटलं, आणि तुम्हीच नाही म्हणताय. लिहिताना जास्त विचार केला असेल की आता?"

वैद्यांनी डोळे उघडले नाहीत. "लिहिताना," ते म्हणाले. "ते यांनी कापलं."

रांगेतल्या एक बाई हसल्या. त्या मेहेरबाई, माहेर सातपाटीचं. मंडळाने पाडव्यापर्यंत मांसाहार सोडायचं ठरवलं होतं. त्याची झळ सगळ्यांत जास्त त्यांना बसली होती. "काका, पंधरा दिस म्हावरं सोडलं आमी तुमच्या सांगन्यावरनं," त्या म्हणाल्या. "घरात बोंबील वाळतेत नि मी मुगाचं पानी पिते. आता हे पानी तरी द्या, नायतर घरी जाऊ द्या."

मी सुर्वेंच्या हातात अंक दिला.

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या पानाची तारीख पाहिली. मग बातमी वाचायला लागले. त्यांचं वाचणं सावकाश होतं आणि बोट ओळीखालून सरकत होतं. रक्तदाबाच्या ओळीवर बोट थांबलं. मग पुढे गेलं. शेवटपर्यंत वाचून ते पुन्हा दुसऱ्या वाक्यावर आले. शुक्रवारच्या लेखातून हा भाग वगळला गेला होता, असं ते वाक्य होतं.

"वगळला का?" त्यांनी विचारलं.

"जागा नव्हती."

"जागा नव्हती?"

"जाहिरात वाढली."

"कसली?"

"मोटारीची."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले नव्हते. कंट्रोल रूममधला माणूस आकडा चुकीचा दिसला की जसा पाहतो, तसं काहीसं असावं. "आमच्याकडे प्रोसीजरच्या पहिल्या पानावर धोका असतो," ते म्हणाले. "लाल चौकटीत. तो वाचून सही केल्याशिवाय पान उलटायचं नाही. तुमच्या लेखात मी पहिल्यांदा तेच शोधलं. वर नाही, खाली नाही. म्हटलं, म्हणजे धोका नाही."

"अहो," मागून आवाज आला. त्यांच्या पत्नी शेजारच्या खोलीतून पदराला हात पुसत आल्या होत्या. "छापून आलं ना आता? मग गोळी घ्या."

"घरी गेल्यावर घेतो."

"घरी कशाला? ही घ्या." त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "दोन दिवस घेऊन फिरतेय. ह्यांना बायकोकडूनही लेखीच लागतं, हे मला तीस वर्षं माहीत नव्हतं."

हॉलमध्ये हसू पसरलं. सुर्वे हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. बसताना हात टेबलावर टेकवला. वैद्य रांग सोडून उठले, यंत्र घेऊन आले आणि काही न विचारता त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून त्यांनी पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. दुसऱ्यांदा पाहिलं.

"डोकं दुखतंय?"

"कालपासून थोडं. म्हटलं, उपास आहे म्हणून."

"गोळी घ्या. साध्या पाण्याने. आणि तासाभरात तुमच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्या नाही."

"रविवार आहे."

"मग जो उघडा असेल त्याच्याकडे. हे आयुर्वेदाचं काम नाही आता."

सुर्वेंनी गोळी घेतली. मग पेपर हातात घेऊन उभे राहायला लागले. वैद्यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. ते बसूनच मंडळाशी बोलले.

"ऐका. सूचना बदललीय. नवीन वाचतो. ज्याला लागू आहे त्याने हात वर करायचा."

त्यांनी एकेक आजार सावकाश वाचला. रक्तदाबाला स्वतःचा हात पहिला वर केला. मग इतर हात आले. काही लगेच, काही शेजारच्याकडे बघून. मधुमेहाला त्यांच्या पत्नीने हात वर केला. सुर्वे म्हणाले, "तू सुद्धा?" त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठं? यादीत नाव घातलंत." पाठीमागे बसलेले एक तरुण गृहस्थ हर्नियाच्या वेळी उठले आणि काही न बोलता सतरंजीच्या बाहेर जाऊन उभे राहिले. महिन्यापूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं होतं. मंडळात कोणालाही ते माहीत नव्हतं. यादी संपली तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर गेले होते.

"तुम्ही कोणी काल बोलला नाहीत," सुर्वे म्हणाले.

"काका, तुमी पुढं हायत म्हटल्यावर आमी मागं कसं राहनार?" मेहेरबाई म्हणाल्या. त्यांचा हात दम्यासाठी वर होता. दमा यादीत नव्हता. वैद्यांनी तो तिथल्या तिथे घातला.

उरलेल्यांना वैद्यांनी सांगितलं की, आज कोणीच काही पिणार नाही. ज्यांना करायचं असेल त्यांनी दवाखान्यात यावं, तपासून ठरवू. मग त्यांनी अर्धा तास साधी आसनं घेतली. वसंतात रोज अंगाला घाम येईपर्यंत चाला, दुपारी झोपू नका, तहान लागली तर सुंठ घालून उकळलेलं पाणी प्या, ताक चालेल, दही नको, एवढं सांगितलं. एकाने विचारलं, "यानं कोठा साफ होईल?" वैद्य म्हणाले, "पाडव्यापर्यंत होईल. एका सकाळी करायची घाई कशाला?"

पातेल्यातल्या पाण्याचा प्रश्न राहिला होता. मेहेरबाईंनी तो काढला. "एवढं पानी तापवलंय. मीठ घातलंय, लिंबू पिळलंय. फेकायचं?"

"पाय बुडवा," वैद्य म्हणाले.

"सगळ्यांनी?"

"मधुमेह असलेल्यांनी आधी पाणी हाताने बघून. चटका कळत नाही पायाला."

सोसायटीतल्या घराघरांतून बादल्या आणि घमेली आली. सुर्वेंना डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा येईपर्यंत ते खुर्चीवर बसून मंडळाकडे बघत होते. मंडळ ओळीने बसून बादल्यांत पाय घालून खिचडी खात होतं. त्यांना खिचडी दिली, बिनमिठाची. त्यांनी ती निमूट खाल्ली.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. गोळी पुन्हा सुरू झाली आणि एक वाढली. वैद्य नंतर मला म्हणाले की, पहिल्या वेळी आकडा त्यांना चुकला असं वाटलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा घेतला. आकडा किती होता ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सुर्वे मंडळ अजूनही चालवतात. नवीन सभासदाला आधी आजार विचारतात. लेखी घेतात.

लेख वाचून आणखी कोणी घरी शंखप्रक्षालन केलं का, हे कळलं नाही. वर्तमानपत्राला अशा गोष्टी सहसा कळत नाहीत. छापल्याचं माहीत असतं, त्याचं पुढे काय झालं ते माहीत नसतं.

वैद्यांना मी विनंती केली की, पुढच्या लेखात 'कोणी करू नये' हा भाग सुरुवातीला लिहा. त्यांना ते पटायला वेळ लागला. "आधी वर्ज्य सांगितलं तर पुढचं वाचणार कोण?" ते म्हणाले. मग त्यांनी लिहिलं. आता आमच्याकडे आरोग्याच्या प्रत्येक मजकुराचा पहिला परिच्छेद हाच असतो, मग लेखक कोणीही असो. त्यामुळे असे लेख मनाईने सुरू होतात, मथळा उठत नाही आणि शेजारी जाहिरात द्यायला लोक कांकूं करतात, अशी जाहिरात विभागाची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. पद्धत तशीच ठेवली आहे.